धोका जमिनीचा, जोखीम घरांची : सातपुडा-तापी पट्ट्यातील भूकंप-मूल्यमापनाची प्रस्तावना

भूकंप नेमका केव्हा आणि कोठे होईल हे आजच्या विज्ञानाला सांगता येत नाही, आणि तसे सांगण्याचा दावा कोणी केलाच तर त्यावर विसंबणे हिताचे नसते. मात्र एखाद्या प्रदेशात कोणत्या आकाराचे भूकंप संभवतात, त्यांनी तेथील जमीन किती हादरेल, त्या हादऱ्यात कोणत्या प्रकारची घरे पडतील, किती माणसे दगावतील वा जखमी होतील आणि पुनर्बांधणीला किती खर्च येईल, याचा शिस्तशीर अंदाज बांधता येतो. या अंदाजशास्त्रात तीन संकल्पना काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. जमीन विशिष्ट जोराने हादरण्याची शक्यता म्हणजे धोका. तो मुख्यतः निसर्गाधीन असतो आणि माणसाला सहसा कमी-जास्त करता येत नाही. त्या जमिनीवर कोणती माणसे, घरे, पूल, शाळा आणि दवाखाने उभे आहेत व ते हादरा सोसण्यास किती दुबळे आहेत, हे ध्यानात घेतल्यावर जी संभाव्य हानी हिशेबात येते ती जोखीम. आणि प्रत्यक्ष अथवा कल्पिलेल्या एखाद्या भूकंपात जे गमावले जाते ती हानी. वाळवंटातील मोठ्या भूकंपाचा धोका मोठा असला तरी जोखीम नगण्य असते, आणि दाट वस्तीच्या, कच्च्या बांधणीच्या गावाखाली मध्यम धोकाही मोठी जोखीम निर्माण करतो. प्रस्तुत ग्रंथाचा सारा विचार या भेदावर उभा आहे.

हा विचार मांडण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातील म्हसावद आणि त्याभोवतीचा प्रदेश निवडण्यामागे कारण आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले हे गाव तापीचे सुपीक मैदान आणि धडगावकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख यांच्या सांध्यावर आहे, आणि भूगर्भाच्या दृष्टीनेही हा प्रदेश सांध्यावरचाच आहे. शोण, नर्मदा आणि तापी या नद्यांच्या खोऱ्यांना अनुसरून मध्य भारतातून पूर्व-पश्चिम दिशेने जाणारा एक प्राचीन दुबळा पट्टा भारतीय भूखंडात आहे. त्यात खडकांचे थर तुटून एकमेकांवरून सरकलेल्या अनेक भेगा, म्हणजे भ्रंश, आहेत आणि त्यांपैकी काही तापीच्या उत्तर काठाने सातपुड्याच्या पायथ्याला समांतर धावतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाखाली हे भ्रंश बऱ्याच ठिकाणी झाकले गेले असले, तरी त्यांच्या खुणा भूपृष्ठावर उमटतात. शहादा तालुक्यातील उनपदेव आणि चोपडा तालुक्यात अडावदजवळ असलेले त्याच नावाचे ठिकाण येथील गरम पाण्याचे झरे भाविकांना तीर्थ म्हणून परिचित आहेत. भूशास्त्रज्ञांना तेच झरे खोलवरून पाणी वर येऊ देणाऱ्या भेगांची साक्ष वाटतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कृत्रिम कंपलहरींच्या साह्याने या पट्ट्याच्या कवचाचे जे खोल छेद घेतले, त्यांतूनही कवच अनेक तुकड्यांत विभागलेले असल्याचे चित्र पुढे आले.

या पट्ट्याचा भूकंपांचा ज्ञात इतिहास छोटा असला तरी तो रिकामा नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात, आजच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेलगतच्या भागात, सव्वासहाच्या आसपास परिमाणाचा भूकंप झाला आणि तो विस्तीर्ण प्रदेशात जाणवला. परिमाण म्हणजे भूकंपाच्या उगमाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप. ते एका भूकंपाला एकच असते, आणि ते एका अंकाने वाढले की ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. २३ मार्च १९७० रोजी नर्मदेच्या मुखाजवळ भडोच येथे ५.४ परिमाणाच्या धक्क्याने जीवितहानी झाली. २२ मे १९९७ रोजी याच पट्ट्याच्या पूर्व भागात जबलपूरला ५.८ परिमाणाचा भूकंप झाला आणि त्याचा उगम सुमारे ३५ किलोमीटर खोल, म्हणजे कवचाच्या तळाजवळ, असल्याचे आढळले. पाठोपाठ १९९८ पासून खंडवा परिसरात लहान धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली. पट्टा निद्रिस्त नसल्याचे या घटनांवरून स्पष्ट होते. मात्र म्हसावद आणि आसपासच्या गावांत आज हयात असलेल्या पिढ्यांपैकी जवळजवळ कोणाच्याही आठवणीत विनाशकारी भूकंप नाही, आणि आठवणीत नसलेला धोका नियोजनातूनही सहज निसटतो. ज्या प्रदेशात मोठ्या भूकंपांमधील अंतर शतकांचे किंवा सहस्रकांचे असू शकते, तेथे दीडशे वर्षांच्या नोंदींचे मौन हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

हे शास्त्र घडले ते प्रथम हानीच्या निरीक्षणातून. १८५७ च्या नेपल्सजवळील भूकंपानंतर रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने पडलेल्या भिंती, तडे आणि उलथलेले खांब यांच्या दिशा मोजून भूकंपाच्या उगमाचा शोध घेतला आणि १८६२ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. भारतात थॉमस ओल्डहॅम यांनी तयार केलेली भारतीय भूकंपांची सूची १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांचे पुत्र रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपावर लिहिलेला १८९९ चा अहवाल जगभरच्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक ठरला. या काळात भूकंप तीव्रतेने मोजला जाई. तीव्रता म्हणजे विशिष्ट जागी जाणवलेला आणि दिसलेला परिणाम. एकाच भूकंपाची तीव्रता उगमाजवळ जास्त आणि दूर कमी असते, आणि ती रोमन अंकांतील बारा पायऱ्यांच्या मापाने सांगितली जाते. यंत्रांवरील नोंदींवरून परिमाण काढण्याची रीत चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये घालून दिली. पुढे बेनो गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी एक साधा पण दूरगामी नियम मांडला: कोणत्याही विस्तृत प्रदेशात परिमाण एका अंकाने कमी झाले की भूकंपांची संख्या सुमारे दहापट होते. लहान धक्क्यांच्या नोंदींवरून मोठ्या भूकंपांच्या वारंवारतेचा अदमास घेण्याचा मार्ग या नियमाने खुला झाला, आणि आजचे बहुतेक प्रादेशिक मूल्यमापन त्याच्याच आधाराने चालते.

स्वतंत्र भारतात या ज्ञानाचे अभियांत्रिकीत रूपांतर करण्याचे मोठे काम रुरकी येथे झाले. प्राध्यापक जयकृष्ण यांच्या पुढाकाराने तेथे १९६० मध्ये भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र सुरू झाले, आणि १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक रचनेची पहिली संहिता, आय.एस. १८९३, प्रसिद्ध केली. या संहितेतील देशाच्या भूकंप-विभागांचा नकाशा हा सर्वसामान्य अभियंत्यांपर्यंत पोहोचलेला पहिला प्रादेशिक धोका-नकाशा होय. तो प्रामुख्याने ज्ञात भूकंपांच्या तीव्रतेवरून आखलेला असल्याने जेथे भूकंपाची नोंद नव्हती तेथे तो धोकाही दाखवत नव्हता, आणि या पद्धतीची मर्यादा महाराष्ट्राने दोनदा प्राणांची किंमत देऊन जगापुढे आणली.

पहिला धडा कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ परिमाणाचा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, आणि दख्खनचे पठार भूकंपमुक्त आहे हा समज एका पहाटेत मोडला. जलाशय भरल्यानंतर त्याखालील भ्रंशांवर आधीच साठलेला ताण मोकळा होऊ शकतो, या विषयाच्या अभ्यासात कोयनेचे नाव तेव्हापासून जगभर अग्रक्रमाने घेतले जाते; धरणाच्या अंतर्भागातील त्वरणमापकावर उमटलेली त्या धक्क्याची नोंद आजही धरण-अभियंते वापरतात. १९७० च्या नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या विभागात टाकला गेला. दुसरा धडा किल्लारीचा. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे ८,००० माणसे दगावली. तत्कालीन नकाशावर हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात होता. २००२ च्या सुधारित संहितेने पहिला विभागच रद्द केला, देशाचे दोन ते पाच असे चार विभाग ठेवले आणि किल्लारी परिसराला तिसऱ्या विभागात आणले. त्या संहितेत नर्मदा-तापीचा पट्टाही तिसऱ्या विभागात होता. या विभागात सातव्या पायरीची तीव्रता, म्हणजे कच्च्या बांधकामाचे मोठे नुकसान करणारा हादरा, अपेक्षित धरला जाई. दोन्ही प्रसंगी नकाशा बदलला तो भूकंपानंतर. नकाशाने भूकंपाच्या आधी बोलावे ही अपेक्षा पूर्ण करण्यासाठीच संभाव्यतेच्या पद्धती विकसित झाल्या.

या पद्धतींचा पाया ॲलिन कॉर्नेल यांच्या १९६८ च्या निबंधाने घातला. तत्पूर्वीची निश्चिततावादी पद्धत प्रदेशातील एक मोठा, विश्वसनीय भूकंप गृहीत धरते आणि तो जवळच्या भ्रंशावर झाला तर विशिष्ट जागी जमीन किती हादरेल हे काढते. ती समजायला सोपी असते आणि धरणे, अणुभट्ट्या यांसारख्या रचनांसाठी आजही वापरली जाते. परंतु असा भूकंप शंभर वर्षांत एकदा होतो की दहा हजार वर्षांत एकदा, हे ती सांगत नाही. कॉर्नेल यांच्या संभाव्यतावादी पद्धतीत सर्व उगमस्थाने, त्यांवर संभवणारी सर्व परिमाणे, प्रत्येकाची वारंवारता आणि अंतरानुसार हादरा कसा ओसरतो याची सूत्रे एकत्र करून, ठरावीक काळात ठरावीक जोराचा हादरा ओलांडला जाण्याची शक्यता काढली जाते. जगभरच्या नकाशांत पन्नास वर्षांत दहा टक्के शक्यतेचा हादरा घेण्याचा प्रघात आहे आणि त्याचा पुनरावृत्तिकाल ४७५ वर्षे सांगितला जातो. या आकड्याने अनेकांची दिशाभूल होते. एक भूकंप झाला की पुढची ४७५ वर्षे निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. प्रत्येक वर्षी त्या हादऱ्याची शक्यता ४७५ मध्ये एक इतकी असते, तो उद्याही येऊ शकतो, आणि सलग ४७५ वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते.

दोन्ही परंपरांमधील वाद अद्याप मिटलेला नाही. संभाव्यतावाद्यांच्या मते वारंवारतेविना जोखमीचा हिशेब आणि खर्चाचा प्राधान्यक्रम लावता येत नाही. त्यांच्या टीकाकारांच्या मते तुटपुंज्या नोंदींवरून काढलेली शक्यता खोटी अचूकता निर्माण करते, आणि जगातील काही मोठे भूकंप नकाशाने शांत ठरवलेल्या भागांतच झाले आहेत. द्वीपकल्पीय भारतासाठी ही टीका विशेष गांभीर्याने घ्यावी लागते, कारण भूपट्टांच्या सीमेवरील हिमालयात भ्रंश स्पष्ट आणि भूकंप वारंवार आहेत, तर सीमेपासून दूर असलेल्या येथील भूकवचात भ्रंश झाकलेले आणि भूकंप विरळ आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील किशोर जैस्वाल आणि रवी सिन्हा यांनी २००७ मध्ये द्वीपकल्पीय भारतासाठी केलेले संभाव्यताधिष्ठित मूल्यमापन, तसेच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी तज्ज्ञांनी २०१०-११ मध्ये तयार केलेला देशव्यापी नकाशा, हे या अडचणीला सामोरे जाण्याचे महत्त्वाचे प्रयत्न होत. अशा कामांत अनिश्चितता दोन प्रकारांत विभागली जाते: निसर्गाच्या यदृच्छेतून येणारी, जी अधिक अभ्यासानेही नाहीशी होत नाही, आणि ज्ञानाच्या अपुरेपणातून येणारी, जी निरीक्षणांनी कमी करता येते. दुसऱ्या प्रकारासाठी पर्यायी गृहीतकांच्या फांद्या मांडून प्रत्येकीला वजन देणारा तर्कवृक्ष वापरला जातो. यापलीकडे चर खणून प्राचीन भूकंपांच्या खुणा शोधणारा भूशास्त्रीय संप्रदाय आणि भ्रंशावरील घसरण संगणकावर भौतिक नियमांनी घडवून पाहणारा संप्रदाय, असे दोन प्रवाह गेल्या काही दशकांत बळावले आहेत.

खोल खडकातील हादरा गावापर्यंत पोहोचताना वरच्या मातीमुळे बदलतो, ही गोष्ट तापीच्या खोऱ्यात विसरून चालत नाही. कठीण खडकावर जो हादरा मध्यम असतो तोच जाड, मऊ गाळाच्या थरांत काही पटींनी वाढू शकतो आणि अधिक काळ टिकतो. पाण्याने भरलेली सैल वाळू तर हादऱ्यात आपली धारणशक्ती गमावून द्रवासारखी वागू लागते. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात उगमापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्यामागे बांधकामातील दोषांबरोबर साबरमतीच्या गाळाचाही हात होता, आणि तापीकाठच्या सुरतेतही जीवितहानी झाली. म्हसावद परिसरात काही किलोमीटरांत जमिनीचा प्रकार बदलत जातो: डोंगरावर उघडा बेसाल्ट, पायथ्याला वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि भरड गाळाचा पट्टा, आणि पुढे तापीकडे खोल काळी माती व जाड गाळ. एका विभागात एकच आकडा देणारा राष्ट्रीय नकाशा हा फरक दाखवू शकत नाही. म्हणून प्रादेशिक मूल्यमापनात विहिरी आणि कूपनलिका खोदताना मिळणाऱ्या थरांच्या माहितीपासून उथळ कंपलहरींच्या मोजणीपर्यंत सर्व स्थानिक पुरावा गोळा करावा लागतो.

धोक्याचे गणित कितीही सुधारले तरी माणसे मरतात ती घरे पडल्यामुळे, आणि जोखमीच्या शास्त्राचा दुसरा निम्मा भाग घरांचा आहे. विशिष्ट जोराच्या हादऱ्यात विशिष्ट प्रकारच्या घराचे किती नुकसान होईल याला हानिप्रवणता म्हणतात, आणि ती ठरवण्याच्या तीन परंपरा आहेत. प्रत्यक्ष भूकंपांतील पडझडीच्या पाहणीवरून सांख्यिकी नाते काढणारी निरीक्षणाधिष्ठित परंपरा सर्वांत जुनी. अनुभवी अभियंत्यांची मते शिस्तीने संकलित करणारी परंपरा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियासाठी झालेल्या अशा कामाने रूढ झाली. आणि घराचा गणिती नमुना संगणकावर हादरवून त्याची ताकद तपासणारी विश्लेषणात्मक परंपरा तिसरी. किल्लारीने पहिल्या परंपरेला अत्यंत स्पष्ट पुरावा दिला. दोन पदरांत रचलेल्या आणि मध्ये खडी-माती भरलेल्या जाड दगडी भिंती, दोन्ही पदरांना बांधणाऱ्या आरपार दगडांचा अभाव, आणि वर मातीच्या जाड थराचे माळवद, या संयोगाने घरे आतल्या माणसांवर कोसळली. त्याच गावांत कुडाच्या हलक्या झोपड्या आणि नीट जोडलेल्या लाकडी चौकटीची घरे बऱ्याच अंशी तगली. ज्या घराला गावात संपन्नतेचे लक्षण मानले जाई तेच अधिक घातक ठरले, आणि जोखीम गरिबी-श्रीमंतीच्या सरळ रेषेत चालत नाही हे या भूकंपाने दाखवून दिले.

हीच दृष्टी नंदुरबार जिल्ह्याला लावली तर महत्त्वाचे चित्र दिसते. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा वस्त्यांमधील पारंपरिक घर बांबू वा काटक्यांच्या कुडाचे, शेणमातीने लिंपलेले, लाकडी खांबांवर उभे आणि कौलारू वा गवती छपराचे असते. ते आगीला आणि पावसाला दुबळे असले तरी भूकंपात त्याचा भार हलका आणि सांधे लवचीक असतात. सपाटीवरच्या खानदेशी गावांत मातीच्या भिंतींवर लाकडी तुळया आणि मातीचे सपाट छत असलेली धाब्याची घरे आढळतात, आणि त्यांची जातकुळी किल्लारीच्या माळवदाशी जुळते. दोन्ही प्रकार आता मागे पडत असून घरकुल योजनेतून आणि उसाच्या, केळीच्या, नोकरीच्या पैशातून विटांच्या भिंती, सिमेंटचे पत्रे आणि आरसीसी स्लॅब यांची घरे वाढत आहेत. बदल स्वागतार्ह आहे, परंतु वीट सिमेंटात बसवली की मातीत, दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला की नाही, आणि कॉलमच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवली की सैल सोडली, यावर ते घर किल्लारीच्या वाटेने जाईल की तगेल हे ठरते. हे तपशील गावच्या गवंड्याला आणि सेंटरिंगवाल्याला ठाऊक असतात. जनगणनेच्या तक्त्यात मात्र भिंत भाजलेल्या विटांची आणि छत काँक्रीटचे एवढीच नोंद होते. १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला आणि २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती निघालेला भारताचा हानिप्रवणता नकाशासंग्रह जिल्हावार घरांचे वर्गीकरण देतो आणि त्याचे मोल मोठे आहे, पण तो याच तक्त्यांवर उभा आहे. प्रादेशिक मूल्यमापनाची सर्वांत कच्ची कडी ही आहे, आणि ती पक्की करण्याचे काम महागड्या यंत्रांपेक्षा डोळस पाहणीचे आहे, असे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे.

घरांइतकाच माणसांचा हिशेबही बदलता असतो. भूकंप पहाटे झाला की दुपारी, यावर मृतांची संख्या अवलंबून असते हे सर्वत्र मान्य आहे. नंदुरबारमध्ये त्यात ऋतूची भर पडते. ऊसतोडीच्या आणि गुजरातेतील मजुरीच्या हंगामात डोंगरातील अनेक घरांत फक्त वृद्ध आणि मुले उरतात, आणि कर्ती माणसे शेतातील कोप्यांत वा सुरतेकडील बांधकामांवर राहतात. म्हणजे येथील कुटुंबाची जोखीम दोन ठिकाणी विभागलेली असते, आणि तिचा एक भाग दुसऱ्या राज्याच्या हिशेबात धरला जातो किंवा कोठेच धरला जात नाही. सरदार सरोवरामुळे विस्थापित होऊन शहादा आणि तळोदा तालुक्यांत वसवलेल्या गावांत तर वस्ती, घराची बांधणी आणि जमीन हे तिन्ही एका पिढीत बदलले आहे.

संपूर्ण प्रदेशाचे मूल्यमापन एकेका गावाच्या मूल्यमापनांची बेरीज करून मिळत नाही. एकच भूकंप शेकडो गावांना एकाच क्षणी हादरवतो, त्यामुळे हानी परस्परांशी बांधलेली असते आणि जेथून मदत यायची तेही संकटात सापडलेले असते. नंदुरबार शहर, म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय आणि तेथील रुग्णालय, तापीच्या दक्षिणेस आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव हे चारही तालुके उत्तरेस आहेत. प्रकाशे आणि सारंगखेडा येथील पुलांसारखे तापीवरील पूल वाहतुकीस निकामी झाले, किंवा पावसाळ्यात म्हसावदहून धडगावकडे जाणारा घाटरस्ता दरडींनी अडला, तर वाचू शकणारे जखमी केवळ अंतरामुळे दगावतील. म्हणून प्रादेशिक हिशेबात हजारो संभाव्य भूकंप संगणकावर एकेक करून घडवले जातात, प्रत्येकात सर्व गावांवरील हादरा एकत्रित काढला जातो, आणि त्यांतून ठरावीक रकमेपेक्षा अधिक नुकसान होण्याची वार्षिक शक्यता, तसेच दीर्घकाळाची सरासरी वार्षिक हानी, हे दोन निष्कर्ष निघतात. पहिला आणीबाणीच्या तयारीसाठी आणि दुसरा दरवर्षीच्या अंदाजपत्रकासाठी उपयोगी पडतो.

या पद्धतीला आज जागतिक साधनांचे पाठबळ आहे. अमेरिकेने १९९७ मध्ये हॅझस ही हानी-अंदाज प्रणाली उपलब्ध करून दिली. विमा उद्योगाने १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपातील प्रचंड भरपाईनंतर स्वतःचे नमुने झपाट्याने वाढवले. २००९ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे स्थापन झालेल्या जागतिक भूकंप नमुना प्रतिष्ठानाने ओपनक्वेक ही संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. आणि अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेची पेजर सेवा भूकंपानंतर लवकरच संभाव्य मृत्यू आणि नुकसान यांचा अंदाज प्रसृत करते. या सेवेच्या नमुन्यांमागे पूर्वी उल्लेखिलेल्या जैस्वाल यांचे डेव्हिड वॉल्ड यांच्यासह केलेले काम आहे. परंतु साधने जागतिक असली तरी त्यांत भरायची माहिती स्थानिकच असावी लागते. कॅलिफोर्नियातील लाकडी घराची हानिप्रवणता धाब्याच्या घराला लावली तर उत्तर नेमके दिसेल आणि चुकीचे असेल.

हा विषय आत्ताच निकडीचा का, याचे उत्तर येथील बांधकामाच्या वेगात आहे. आज बांधले जाणारे घर पुढील पन्नास-साठ वर्षे उभे राहील आणि त्यातील पट्टा वा रिंग बांधतानाच नीट घातली तर वाढीव खर्च एकूण खर्चाच्या मानाने लहान असतो. उभ्या घराला नंतर मजबूत करणे कितीतरी महाग आणि अवघड पडते. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्याने वसवावी लागली आणि लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घ्यावे लागले. हा सारा खर्च माणसे गेल्यानंतरचा होता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन आराखडा बंधनकारक केला आहे, आणि त्या आराखड्यातील भूकंपाचे पान राष्ट्रीय नकाशावरील एका आकड्यापुरते राहू नये, अशी अपेक्षा रास्त आहे. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात सुरू झालेली धक्क्यांची मालिका आणि २०२४ मधील हिंगोली परिसराचे धक्के यांनी राज्याच्या इतर भागांनाही ही आठवण करून दिली आहे.

प्रस्तुत ग्रंथ भूकंपाचे भाकीत करत नाही आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना भयभीत करण्याचाही त्याचा हेतू नाही. धोका, घरे, माणसे आणि हानी या चार दुव्यांची साखळी एका ओळखीच्या प्रदेशावर बसवून दाखवणे, प्रत्येक दुव्यातील विविध संप्रदायांची बलस्थाने आणि मर्यादा मराठीत स्पष्ट करणे, आणि उपलब्ध माहिती कोठे विश्वासार्ह व कोठे विरळ आहे हे वाचकाला तपासता यावे अशा रीतीने मांडणे, हा त्याचा प्रयत्न आहे. भूशास्त्राचे आणि स्थापत्याचे विद्यार्थी हे त्याचे पहिले वाचक. पण तहसील कार्यालयात आराखडा तयार करणारे अधिकारी, घरकुलांवर देखरेख करणारे कनिष्ठ अभियंते, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि शाळांतील शिक्षक हेही तितकेच अभिप्रेत आहेत. गणिती सूत्रे जेथे टाळता येत नाहीत तेथे ती दिली आहेत, मात्र त्यांचा अर्थ शब्दांत उलगडल्याशिवाय चर्चा पुढे नेलेली नाही. आणि कोणताही अंदाज त्याच्या अनिश्चिततेसह सांगावा, हा दंडक सर्वत्र पाळला आहे, कारण अनिश्चितता झाकलेला आकडा निर्णय घेणाऱ्याला फसवतो आणि पुढे शास्त्रावरील विश्वासही घालवतो.

कोयना आणि किल्लारी या दोन्ही वेळा ज्ञान माणसे गेल्यानंतर आले. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात भ्रंशांची माहिती, संहिता, संगणकप्रणाली आणि कुशल कारागीर हे चारही घटक आपत्तीच्या आधी उपलब्ध आहेत. त्यांना एकत्र आणणारी गावोगावची घरांची खरी नोंद तेवढी तयार व्हायची आहे. ती नोंद कोणी, कशी आणि कोणत्या क्रमाने करावी याची रीत पुढील पानांत सविस्तर दिली आहे. म्हसावदसारख्या एका गावाने, तेथील शाळेच्या, गवंड्यांच्या आणि ग्रामपंचायतीच्या साह्याने, ती रीत हाती घेऊन आपल्या घरांची पाहणी पूर्ण केली आणि पुढचे प्रत्येक घरकुल पट्ट्यासह बांधायचे ठरवले, तर या ग्रंथाचे प्रयोजन सफल झाले असे मानता येईल.